लेकीला कॉलेजच्या टीममधून पळायचंय, पण उन्हाळाभर बूट कोरडेच

पायवाट | १४ सप्टेंबर २०२५

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज धागा काढतेच आहे. इथे अमेरिकेत मुलं वाढवणाऱ्या आणि ज्यांची मुलं हायस्कूलमध्ये मनापासून एखादा खेळ खेळतात, त्या सगळ्यांशी बोलायचंय.

माझी लेक दहावीत आहे, म्हणजे सोफोमोर. सातवीपासून क्रॉस कंट्री (मोकळ्या रानातली लांब पल्ल्याची शर्यत) पळते. नववीतच वर्सिटीत (शाळेच्या मुख्य टीममध्ये) घेतलं होतं, तेव्हा ५ किलोमीटरला २०:४८ ही तिची सगळ्यात चांगली वेळ. मे महिन्यात ट्रॅकचा सीझन संपला त्या रात्री जेवताना तिनं आपणहून सांगितलं, "मला कॉलेजात पळायचंय." आम्ही दोघंही आयुष्यात कुठल्या टीममधून खेळलेलो नाही. ऊर भरून आला अगदी.

कोचनी जूनमध्ये दहा आठवड्यांचा तक्ता दिला. रोजचे मैल लिहायचे, सुट्टीच्या दिवशी फुली मारायची. तो फ्रिजवर लावला. पहिले तीन आठवडे चौकोन भरत गेले, कधी पेन्सिलनं, कधी हिरव्या पेनानं, घामाचा एक डागही आहे त्यावर. मग सगळं कोरं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी, सगळे चौकोन भरलेले दिसले. एकाच निळ्या पेनानं, एकाच बैठकीत. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का, हे अजून कळत नाहीये.

६ सप्टेंबरला मंडळाच्या गणपतीत तिचा नाच होता आणि त्याच शनिवारी टीमची पहिली मोठी मीट, म्हणजे शर्यत. तिनं नाच निवडला, पण कोचना मेसेज केला शुक्रवारी रात्री साडेनऊला. काल पहिल्यांदा पळाली, २१:३५. गाडीत घरी येईपर्यंत अवाक्षर नाही.

नवऱ्याचं म्हणणं, बोलणं वेगळं आणि करणं वेगळं, एवढी ओढ असती तर उन्हाळ्यात उठली असती. मला ते तितकंसं पटत नाही, पण माझ्याकडे उत्तरही नाही. ही कमिटमेंट बाहेरून लावता येते का? किती मागे लागायचं, कधी हात काढून घ्यायचा? ज्यांची मुलं या वाटेनं गेलीत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कातळ | १४ सप्टेंबर २०२५

आमच्याकडे पोहणं. मुलगा आता डिव्हिजन ३ च्या (कॉलेज खेळांच्या तीन पातळ्यांतल्या तिसऱ्या) कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, तिथल्या टीममधून पोहतो. लांबलचक लिहितोय, कारण आमच्या हातून झालेल्या चुका तुम्ही टाळाव्यात असं फार वाटतं.

क्लबची प्रॅक्टिस पहाटे सव्वापाचला पाण्यात. म्हणजे साडेचारला उठायचं. दोन वर्षं त्याला मी उठवलं. आदल्या रात्री बॅग मी भरायचो, गॉगल, फिन्स, टॉवेल, केळं. गाडीत तो झोपलेला असायचा. लोक म्हणायचे, काय कमिटेड मुलगा आहे तुमचा. खरं तर कमिटेड मी होतो.

दहावीच्या हिवाळ्यात मला तीन आठवडे कामासाठी बाहेर जावं लागलं. बायको रात्रपाळीला. ठरलं की तो शेजारच्या टीममेटबरोबर जाईल, उठायचं मात्र स्वतः. पहिल्या आठवड्यात पाचांपैकी तीन प्रॅक्टिस बुडाल्या. कोचनी मला फोन केला नाही, त्यालाच बाजूला घेऊन विचारलं, "तुला लेन नको असेल तर सांग, वाट बघणारी दोन मुलं आहेत." त्यानं घरी येऊन मला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो रडत होता. माझ्या तोंडावर आलं होतं की मी आलो की बघू. सुदैवानं बायकोनं फोन घेतला आणि त्यालाच विचारलं, "मग तुला हवीय का लेन?" बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यानं फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावला, अंथरुणातून उठल्याशिवाय अलार्म बंदच होऊ नये म्हणून. मी परत आल्यावरही उठवायचं काम माझ्याकडे परत आलं नाही.

दुसरी चूक मोठी. अकरावीत कॉलेजच्या कोचना ईमेल पाठवायच्या होत्या. मला वाटलं याला नीट लिहिता येणार नाही, म्हणून त्याच्या नावानं मीच लिहिली. छान लिहिली होती, त्यांच्या टीमचा मागच्या वर्षीचा निकाल, त्यांच्या ट्रेनिंगची पद्धत, सगळं वाचून. एका कोचचं उत्तर आलं, फोन ठरला. फोनवर कोचनी विचारलं, "तू आमच्या ट्रेनिंगबद्दल जे लिहिलंस ते तुला का आवडलं?" आणि माझा मुलगा गप्प. त्यानं ती मेल वाचलीच नव्हती. त्या कॉलेजचा परत फोन आला नाही. त्या रात्री मी त्याची माफी मागितली.

पुढच्या सगळ्या मेल त्यानं लिहिल्या. चार ओळींच्या, व्याकरण जेमतेम, पण त्याच्या होत्या. आज तो ज्या टीममध्ये आहे ती त्यातल्याच एका मेलमुळे.

म्हणून एवढंच सांगतो: फ्रिजवरचा तक्ता तुम्ही लावलात की तिनं?

सांजवारा | १५ सप्टेंबर २०२५

मला थोडं वेगळं वाटतं, रागावू नका.

मुलगी पंधरा वर्षांची आहे. मे महिन्यात जेवताना एक वाक्य बोलली आणि आपण मोठी माणसं त्या वाक्याचा करारनामा करून बसलो. या वयात मुलं दर महिन्याला काहीतरी व्हायचं ठरवतात. इथल्या क्लब स्पोर्टचं वातावरण मी जवळून पाहिलंय. दर शनिवार-रविवार हॉटेलं, लांबलांबचे प्रवास, घरातलं धाकटं भावंड मागच्या सीटवर होमवर्क करतंय, आणि सगळा खर्च "स्कॉलरशिप मिळाली की वसूल" या हिशोबावर. तो हिशोब बहुतेक घरांत जमत नाही.

आणि नाचाचं म्हणाल तर आठ मुलींच्या नाचात एक ऐनवेळी गेली नाही तर रांग मोडते. दोन महिने तालमी केलेल्या सात मैत्रिणींना तिनं तोंडघशी पाडलं नाही. ही कमिटमेंट नव्हे तर काय?

ओंजळ | १५ सप्टेंबर २०२५

सांजवारा, नाचाबद्दल पूर्ण अनुमोदन. मी एका सरकारी हायस्कूलच्या क्रॉस कंट्री टीमला सहा वर्षं असिस्टंट कोच म्हणून मदत करते आहे, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं काय दिसतं ते लिहिते.

नाचासाठी मीट सोडणं हा माझ्या लेखी गुन्हा नाही. गणपतीची तारीख मंडळानं जूनमध्येच कळवलेली असते, मीटचं वेळापत्रक ऑगस्टमध्ये हातात असतं. तीन आठवडे आधी समोर येऊन "कोच, ६ तारखेला मी नसेन, हे कारण आहे" असं सांगणारी मुलगी माझ्या मनात वर जाते. शुक्रवारी रात्री साडेनऊच्या मेसेजनं मात्र एका मुलीची संधी जाते. वर्सिटीत सात जणी पळतात. तिच्या जागी आठवी मुलगी पहाटे कळलं म्हणून धड झोप न होता, धड न खाता पळते.

क्रॉस कंट्रीचे गुण कसे मोजतात ते बऱ्याच पालकांना माहीत नसतं. सात जणी पळतात, पहिल्या पाच जणींचे क्रमांक बेरजेत धरतात, सगळ्यात कमी बेरीज जिंकते. दोन वर्षांपूर्वीची आमचीच शर्यत सांगते. आमच्या मुली आल्या दुसरी, चौथी, अकरावी, पंधरावी आणि अडतिसावी. बेरीज ७०. समोरच्या टीमची एकही मुलगी पहिल्या आठांत नव्हती. त्यांच्या आल्या ९, १२, १४, १६, १८. बेरीज ६९. एका गुणानं हरलो. आमच्या पाचव्या मुलीनं पुढच्या दोघींना गाठलं असतं तरी कप आमचा होता. ती मुलगी खूप रडली, म्हणाली मी ऑगस्टमध्ये पळायला हवं होतं. मी तिला तेव्हा काही बोलले नाही, तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. पुढच्या जूनमध्ये पळायला जा असं कुणालाही तिला सांगावं लागलं नाही.

सांगायचा मुद्दा हा की "मला कॉलेजात पळायचंय" हे वाक्य फार लांबचं आहे. पंधराव्या वर्षी दोन वर्षं लांबच्या गोष्टीसाठी पहाटे उठणं अवघडच असतं. पण "मी आपल्या टीमची पाचवी आहे, आणि चौघी माझ्यावर अवलंबून आहेत" हे उद्याचं आहे. मुलं उद्यासाठी उठतात.

आणखी एक. कॉलेजचे कोच मला फोन करतात तेव्हा वेळा विचारत नाहीत, त्या ऑनलाइन दिसतातच. ते विचारतात, वाईट पळाली तर त्यानंतरच्या अर्ध्या तासात कशी वागते? टीममेटचं अभिनंदन करते का? दुखलं तर सांगते की लपवते? ही उत्तरं मी खरी देते. त्यामुळे तुमच्या गाडीतल्या त्या गप्प प्रवासापेक्षा, गाडीत बसण्याआधी ती टीमच्या तंबूपाशी काय करत होती, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

निळ्या पेनाबद्दल: पायवाट, ते तुम्ही तिच्याशी बोला. ओरडू नका, पण बोला. कोचनी त्या आकड्यांवर तिचा सप्टेंबरचा सराव ठरवला असेल. दहा आठवडे पळालेल्या मुलीचा सराव तीन आठवडे पळालेल्या मुलीला दिला की नडग्या जातात.

दीपमाळ | १६ सप्टेंबर २०२५

भावनेच्या बाजूनं सगळ्यांनी छान लिहिलंय. मी थोडं नियमांचं लिहितो, कारण "कमिटमेंट" या शब्दानं इथे घोटाळा होतो.

रिक्रूटिंगच्या, म्हणजे कॉलेजचे कोच खेळाडू निवडतात त्या भाषेत "कमिट झाला" म्हणजे मुलानं एखाद्या कॉलेजला तोंडी होकार दिला. इन्स्टाग्रामवर कॉलेजची टोपी घालून फोटो येतो तो हा. ही तोंडी गोष्ट दोन्ही बाजूंना बंधनकारक नसते. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचा कागद असायचा, तोही ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला, आता आर्थिक मदतीच्या लेखी करारावर सही होते. तेव्हा दुसऱ्यांच्या मुलांचे ते फोटो बघून आपलं मूल मागे पडलं असं समजू नका.

आकड्यांचं म्हणाल तर हायस्कूल खेळांतला सहभाग देशभरात ८० लाखांच्या वर मोजला जातो (एक मूल दोन खेळ खेळलं तर दोनदा धरतात), आणि एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या तिन्ही डिव्हिजन मिळून खेळाडू ५ लाखांच्या थोडे वर. डिव्हिजन १ तर फारच निमुळतं. शिवाय जून २०२५ मध्ये कॉलेज खेळाडूंना पैसे देण्यावरच्या 'हाउस' खटल्याच्या तडजोडीला कोर्टाची मंजुरी मिळाल्यापासून, त्यात सामील झालेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपच्या संख्येऐवजी रोस्टरचीच, म्हणजे टीममध्ये एकूण किती जण घ्यायचे त्याचीच मर्यादा आली. क्रॉस कंट्रीला ती १७ आहे. पूर्वी स्कॉलरशिप नसलेली वॉक-ऑन मुलं मोठ्या टीममध्ये सामावून जायची, ती जागा आता आकसली. डिव्हिजन ३ आणि आयव्ही लीगमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप मुळात नाहीच. पण डिव्हिजन ३ ची कॉलेजं अभ्यासावर आणि गरजेवर मदत देतात, आणि ती कधीकधी खेळाच्या अर्धवट स्कॉलरशिपहून जास्त भरते.

दहावीतल्या मुलीनं आत्ता काय करावं? पहिलं म्हणजे अभ्यास. डिव्हिजन १ साठी १६ कोर कोर्स (मुख्य विषयांचे) लागतात, त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आत पूर्ण हवेत, आणि त्या दहांत ७ इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. कोर जीपीए (त्या कोर्सच्या ग्रेडची सरासरी) किमान २.३. हा तळ आहे, यावर कुणी प्रवेश देत नाही, पण तो चुकला तर बाकी सगळं फुकट. शाळेच्या काउन्सेलरकडून मंजूर कोर्सची यादी मागून घ्या.

दुसरं, बहुतेक खेळांत डिव्हिजन १ चे कोच दहावी संपल्यावर १५ जूनपासूनच मुलांशी थेट बोलू शकतात. त्याआधी तिनं मेल केली आणि उत्तर आलं नाही तर तो नकार नव्हे, त्यांना नियमानं बोलताच येत नाही. डिव्हिजन ३ चे कोच आधीही उत्तर देऊ शकतात.

तिसरं, आणि हे तिलाच करू द्या. आवडतील अशी चार-पाच कॉलेजं घेऊन टीएफआरआरएस या साइटवर त्यांच्या मुलींचे निकाल बघायचे. पहिल्या मुलीचे नकोत, पाचवी ते सातवीचे. मग त्याच मुलींच्या हायस्कूलच्या वेळा शोधायच्या. अर्ध्या तासात स्वप्नाला पत्ता मिळतो. माझ्या पुतणीनं हे केलं तेव्हा तिला कळलं की आपल्याला हवं असलेलं कॉलेज फक्त पंचवीस सेकंद लांब आहे. तो आकडा तिनं आरशावर चिकटवला होता.

पायवाट | १७ सप्टेंबर २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. कातळ, तक्ता मीच लावला होता. मॅग्नेटसुद्धा मीच शोधून आणलं.

काल रात्री तिच्या खोलीत जाऊन बसले. निळ्या पेनाचं विचारलं. आधी चिडली, मग उशीत तोंड घालून पडून राहिली. बऱ्याच वेळानं बोलली ते असं: जूनमध्ये रोज पळत होती. घड्याळ प्रत्येक मैलाला कंप देऊन वेळ दाखवतं. मागच्या वर्षी याच रस्त्यावर, याच दमात ती मैलामागे वीस-पंचवीस सेकंद लवकर यायची. रोज बाहेर पडायचं आणि रोज मनगटावर कळायचं की आपण खराब होतोय. "आई, मला पळायचा कंटाळा नव्हता आला गं. मला ते बघायचंच नव्हतं."

मी आळस समजत होते. ती घाबरली होती. गेल्या वर्षभरात तिची उंची दीड इंच वाढलीय, अंगानंही भरलीय. याचा संबंध असतो का? कुणी डॉक्टर असतील तर सांगा.

रानजाई | १८ सप्टेंबर २०२५

पायवाट, असतो. मी स्पोर्ट्स फिजिओथेरपिस्ट आहे, आणि तुमच्या लेकीसारख्या मुली माझ्याकडे दर सीझनला येतात. तिचं ते वाक्य वाचून गलबलून आलं.

वयात येताना मुलींचं वजन वाढतं, कंबर रुंदावते, शरीराचा तोल बदलतो, आणि त्या मानानं ताकद यायला वेळ लागतो. नववीत वाऱ्यासारखी पळणारी मुलगी दहावी-अकरावीत थांबल्यासारखी होते, कधी मागेही जाते. हे बिघडणं नाही, हे मोठं होणं आहे. पुढे ताकद येते आणि बऱ्याच जणी पुन्हा सुधारतात, काही तर कॉलेजात गेल्यावर. पण ही वर्षं नेमकी रिक्रूटिंगच्या तोंडावर येतात आणि तिला कुणी हे सांगितलेलंच नसतं. तिला वाटतं, माझी जिद्द कमी पडतेय.

आणि मग जी खरोखर जिद्दी मुलगी असते ती धोक्यात येते. ती जेवण कमी करते, मैल वाढवते. सुरुवातीला दोन-तीन महिने वेळ सुधारतेही, सगळे कौतुक करतात. मग पाळी थांबते. मग नडगीच्या हाडावर बोटाच्या पेराएवढ्या जागी दुखायला लागतं, दाबलं की कळ येते. ती सांगत नाही, कारण तिला वाटतं कमिटेड खेळाडू दुखण्याबद्दल बोलत नाहीत. माझ्याकडे येईपर्यंत हाडाला चीर गेलेली असते आणि पूर्ण सीझन जातो. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानानं खाणं कमी पडल्यानं जे हे सगळं होतं, त्याला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये रेड-एस असं नाव दिलं. पाळी तीन महिने आली नाही तर "खेळाडूंचं असंच असतं" म्हणून सोडू नका, डॉक्टरकडे जा. लोहाचीही तपासणी करून घ्या, पळणाऱ्या मुलींमध्ये ते कमी असणं फार आढळतं. मात्र मनानं गोळ्या सुरू करू नका.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप लागते. कातळ, तुमच्या मुलाचं साडेचारला उठणं वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न आला, तो झोपायचा किती वाजता? अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचं म्हणणं आहे की आठवड्यात एक-दोन दिवस आणि वर्षभरात एकूण तीन महिने, तेही एकेक महिना करून, मुलांनी आपल्या मुख्य खेळापासून लांब राहावं. कोरा चौकोनही कमिटमेंटचाच भाग आहे, तो ठरवून कोरा ठेवलेला असेल तर.

तिला एक करून बघायला सांगा. सोप्या दिवसांत घड्याळ घरी ठेवायचं. मैत्रिणीबरोबर गप्पा मारता येतील इतक्याच दमानं पळायचं. घड्याळ फक्त कोच सांगतील त्या दिवशी.

टिपूर | २१ सप्टेंबर २०२५

उशिरा वाचला धागा. मी स्वतः कॉलेजात टेनिस खेळलो, डिव्हिजन १ ची एक छोटी टीम. म्हणून पुढे गेल्यावर काय वाट बघतंय ते सांगतो, कारण हायस्कूलमध्ये कुणी ते सांगत नाही.

नियमानं सीझनमध्ये आठवड्याला २० तासांच्या वर सक्तीचा सराव घेता येत नाही. त्या वीस तासांत बसचा प्रवास येत नाही, मसाज, पट्ट्या बांधणं येत नाही, आणि "ऐच्छिक" म्हणून जे सगळेच करतात तेही येत नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्रीची परीक्षा मी एकदा मोटेलच्या लॉबीत, टीमच्या ट्यूटरसमोर बसून दिली आहे.

पण सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. कॉलेज टेनिसच्या सामन्यात तीन डबल्स मिळून एक गुण आणि सहा सिंगल्सचे सहा. म्हणजे सिंगल्सला सहा जण. मी आठवा होतो. घरी, शाळेत कायम पहिल्या नंबरवर खेळलेला मुलगा, आणि पूर्ण पहिलं वर्ष मी कोर्टाच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवल्या. रोजचा सराव तेवढाच, पहाटेचं वेटलिफ्टिंग तेवढंच, आणि शनिवारी खेळायला मात्र नाही. आमच्या वर्षातल्या दोघांनी डिसेंबरमध्ये सोडलं, दोघंही माझ्यापेक्षा चांगले खेळायचे. मी टिकलो याचं कारण एकच, अकरावीत मी मनगटाच्या दुखापतीनं बसलो होतो तेव्हा हायस्कूलच्या कोचनी मला घरी बसू दिलं नव्हतं. रोज येऊन ज्युनिअर वर्सिटीच्या (दुसऱ्या फळीच्या टीमच्या) मुलांना बॉल टाकायला लावलं. तेव्हा राग यायचा. त्या तीन महिन्यांत मी खेळत नसतानाही टीमचा असायला शिकलो.

तेव्हा तुमच्या लेकीला ही मंद वेळ आत्ता, दहावीत भेटतेय, हे मला वाईट वाटत नाही. कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा भेटली असती तर जास्त अवघड झालं असतं.

आपल्या लोकांत अजून एक समज आहे की कॉलेज स्पोर्ट म्हणजे प्रोफेशनल होता न आलेल्यांची जागा. समीर बॅनर्जी २०२१ मध्ये विम्बल्डनची ज्युनिअर स्पर्धा जिंकला आणि त्यानंतर स्टॅनफर्डला खेळायला गेला. मोहिनी भारद्वाज यूसीएलएकडून जिम्नॅस्टिक्स खेळल्या, कॉलेज संपल्यावर परत उभ्या राहिल्या आणि २००४ ला अथेन्समध्ये अमेरिकेच्या संघाबरोबर रौप्यपदक घेतलं, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. जिम्नॅस्टिक्समध्ये पंचवीस म्हणजे खूपच उशीर. पंधराव्या वर्षीच्या घड्याळावर सगळं ठरत नाही.

कातळ | २१ सप्टेंबर २०२५

रानजाई, प्रश्न बरोबर आहे. साडेदहा-अकरा व्हायचे झोपायला. तेव्हा आम्हाला ते दिसलंच नाही. आता त्याच्या कॉलेजच्या टीमला आठवड्यातून तीनच पहाटा असतात आणि तो सांगतो की तो आता जास्त वेगानं पोहतो.

पायवाट | १६ नोव्हेंबर २०२५

सीझन संपला, तेव्हा कळवायला आले.

तिनं कोचना स्वतः सांगितलं. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून होते, लांबून दिसत होतं. तिनं तो तक्ताच घडी करून नेला होता. कोचनी तो उघडून पाहिला, काहीतरी बोलले, मग खिशातून पेन काढून त्यावर लिहिलं. परत आली तेव्हा डोळे लाल होते पण चालणं हलकं होतं. चौथ्या आठवड्यापासूनचे सगळे आकडे कोचनी खोडले होते आणि खाली लिहिलं होतं, "आता मला खरी सुरुवात माहीत आहे." तीन आठवडे तिचा सराव कमी केला, दोन मीट ज्युनिअर वर्सिटीत पळवलं. तिथे ती पहिली आली नाही, सहावी आली.

घड्याळ सोप्या दिवसांत ड्रॉवरमध्ये. टीममधली एक सिनिअर मुलगी आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते, दोघी रविवारी एकत्र पळतात आणि अख्खा वेळ बडबडतात. रानजाई, डॉक्टरांकडेही जाऊन आलो. लोह कमी निघालं, त्यांनी सांगितल्याप्रमाणे सुरू केलंय.

शेवटच्या मीटला ती पुन्हा वर्सिटीत होती, टीमची पाचवी. वेळ २०:५७. नववीची वेळ अजून मोडलेली नाही. शर्यत संपल्यावर मी बघत होते, ओंजळ, तुमचं वाक्य डोक्यात होतं म्हणून. ती आधी वाकून गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली, मग पाण्याची बाटली घेऊन परत दोरीपाशी गेली आणि आपली सहावी, सातवी येईपर्यंत तिथेच थांबली. सातवी धडपडत आली तिला हिनंच धरलं.

नवरा त्या दिवशी काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यानं तिला विचारलं की रविवारी सायकल घेऊन मागे आलं तर चालेल का. ती म्हणाली, चालेल, पण बोलायचं नाही आणि वेळ सांगायची नाही.

आता कोचच्या सांगण्यावरून दोन आठवडे पूर्ण सुट्टी आहे. तक्ता फ्रिजवर नाही. तिच्या खोलीत, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला आहे. मी तो उघडून बघितलेला नाही, तिनंच दाखवला. वर तीन कॉलेजांची नावं आणि प्रत्येकापुढे सेकंद लिहिलेत.

दीपमाळ, एक विचारायचं होतं. तिनं अल्जिब्रा १ आठवीतच केलं होतं. ते त्या १६ कोर्समध्ये धरतात का? काउन्सेलरची वेळ सोमवारची मिळालीय. या वेळी मी बाहेर बसणार आहे, आत तीच जाणार.

दीपमाळ | १६ नोव्हेंबर २०२५

हायस्कूलच्या ट्रान्स्क्रिप्टवर ग्रेड आणि क्रेडिटसह दिसत असेल तर धरतात. तिला सांगा, सोमवारी ट्रान्स्क्रिप्टची प्रत मागून घे आणि ती ओळ स्वतः शोध. नसेल तर शाळेकडून ती त्यावर घालता येईल का, हे त्याच बैठकीत विचारायचं.